विराम की विसर

रंगमंचावर माणूस दोन कारणांनी गप्प होतो. एक तर त्याला गप्प व्हायचं असतं, किंवा त्याला पुढचं आठवत नसतं. प्रेक्षकांना दोन्ही सारखंच दिसतं. समोरच्या नटालाही बऱ्याचदा सारखंच दिसतं. आमच्या कंपनीत हा फरक हमखास ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो प्रेक्षकांना कधी दिसला नाही. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरखंडाशेजारी, एका बुटक्या स्टुलावर तो बसायचा. मांडीवर संहिता, संहितेवर छोटासा दिवा, आणि त्या दिव्याच्या उजेडात नुसती हनुवटी आणि ओठ. आम्ही रंगमंचावरून बघायचो ते त्या ओठांकडे.

आमचे प्रॉम्प्टर. शब्द विसरलेल्या नटाला हळू आवाजात पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना कुजबुजे म्हणायचो. हे आडनाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण ते इतकं चिकटलं की त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे कुजबुजेवहिनी म्हणू लागलो आणि त्यांनीही ते हसून चालवून घेतलं.

मी त्या कंपनीत नायिका म्हणून उभी राहिले आणि आईच्या भूमिका करत बाहेर पडले, म्हणजे उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. त्या सगळ्या वर्षांत माझ्या डाव्या हाताला कुजबुजे होते. एका नाटकात मुलाला शिक्षा सुनावली जाते आणि आई काहीच बोलत नाही, असा प्रवेश होता. मी तो विराम दर प्रयोगाला थोडा थोडा ताणत नेला. एकदा इतका ताणला की दिग्दर्शकाच्या हाताखालच्या पोरीची पाचावर धारण बसली. ती विंगेत येऊन कुजबुज्यांचा खांदा हलवायला लागली.

"अहो, द्या ना शब्द! बाई विसरल्या!"

"नाही विसरल्या," कुजबुजे मान न वळवता म्हणाले. "श्वास आत आहे त्यांचा. विसरलेल्या माणसाचा श्वास बाहेर पडतो. आणि पाय बघ, पाय घट्ट आहेत."

मी ते ऐकलं, आणि खरं सांगते, त्या आवाजाच्या भरवशावर आणखी थोडा वेळ गप्प राहिले.

त्याच नाटकात आमचे एक ज्येष्ठ नट होते. आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूसही दचकून जागा व्हावा. एका प्रयोगात वकिलाचं भाषण करता करता ते थांबले. काय थाटात थांबले! हात अर्धा वर, नजर दूर. प्रेक्षकांत टाळी फुटायच्या बेतात होती. कुजबुज्यांनी तेवढ्यात शब्द दिला, आणि गडी पुढे सुरू झाला. मध्यंतरात मी विचारलं, "कसं ओळखलंत हो? मला तर वाटलं, आज म्हाताऱ्याला सूर लागला."

"अंगठा," ते म्हणाले. "वर केलेल्या हाताचा अंगठा बोटातली अंगठी फिरवत होता. पण नुसत्या अंगठ्यावर मी शब्द देत नाही, बाई. एक खूण कशाचीही असू शकते. मग पाहिलं, तर टाच उचललेली. दोन खुणा एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या, तेव्हा दिला."

ही त्यांची पद्धत. काय दिसलं ते वेगळं ठेवायचं, त्यावरून काय कळलं ते वेगळं. या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. दौरा रद्द होणार अशी कुणकुण लागली की सगळी मंडळी रंगपटात त्यांच्याभोवती जमायची.

"कुजबुजे, मॅनेजर आज नव्या चपला घालून आलेत. म्हणजे दौरा पक्का ना?"

"काय दिसलं तुम्हाला?"

"नव्या चपला."

"मग काय कळलं?"

"की दौरा पक्का!"

"नाही. कळलं एवढंच, की त्यांनी नव्या चपला घेतल्यात. चला, व्हा तयार."

आम्ही त्यांना चिडवायचो, वकील म्हणायचो, शंकासूर म्हणायचो. ते चहाची बशी तोंडाला लावून मिशीत हसायचे. एवढा जपून निष्कर्ष काढणारा माणूस. म्हणून तर पुढे जे झालं ते मला आजही नीट गिळता येत नाही.

वहिनींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्ही दौऱ्यावर होतो. कुजबुजे मिळेल त्या गाडीने परत गेले आणि नंतर स्टुलावर परत बसले नाहीत. वहिनींचा उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं त्यांना बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. सापडले तर एखादा, तोही फार उशिराने.

ते एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. खाली बेकरी होती, तिची भट्टी पहाटेपासून पेटलेली. दोन खोल्या, एक पलंग, शिवणयंत्र, आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. जिना उभा आणि अरुंद. त्या जिन्यावरून वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणायला दोन धडधाकट माणसं लागायची, त्यामुळे त्या महिनोन् महिने खाली उतरल्याच नव्हत्या.

त्यांची एकुलती एक लेक परगावी होती. शाळेत शिकवायची. तिचं घर तळमजल्यावर, दवाखाना चार पावलांवर, आणि तिथे वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ती म्हणत होती, आईला माझ्याकडे आणा. कुजबुजे म्हणत होते, तिला हे घर सोडायचं नाही. शेवटी लेकीने मला फोन केला.

"मावशी, तुम्हीच बाबांना सांगा आता. माझं ऐकून घेत नाहीत. आई स्वतः मला हो म्हणालीय."

"अगं, पण तुझे बाबा म्हणतात, ती त्यांना नाही म्हणालीय."

"तेच तर! कुणीतरी एक खोटं बोलतंय, आणि मी बोलत नाहीये."

मी गेले. जिना चढता चढता माझाच जीव वर आला. दार लेकीने उघडलं. डोळे सुजलेले, नाकाचा शेंडा लाल. सकाळपासून बापलेकीची जुंपलेली दिसत होती. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, आणि कुजबुजे त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, बुटक्या पाटावर.

मला बघून वहिनींच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हसला. ओठ हलले. "च... च..."

"चहा!" कुजबुजे म्हणाले. "बाईंना चहा दे म्हणतेय. हो ना गं?"

वहिनींनी मान डोलावली.

"बघा," ते अभिमानाने म्हणाले, "मला सगळं कळतं तिचं. नुसता ओठ हलला की कळतं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, तुम्ही आहात म्हणून यांचं अडत नाही."

मी बसले. चहा आला. पुढच्या तासाभरात मी बघत राहिले. वहिनी तोंड उघडायच्या, एखादं अक्षर बाहेर यायचं, आणि कुजबुजे शब्द द्यायचे. "पाणी?" मान डोलायची. "पंखा?" मान डोलायची. शब्द इतका पटकन यायचा की दुसरं अक्षर कधी बाहेर पडायलाच मिळालं नाही. आणि एक गोष्ट मला, बाहेरच्या माणसाला, दिसली. वहिनींची नजर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत नव्हती. ती कुजबुज्यांच्या ओठांवर होती. आम्ही विंगेकडे बघायचो, तशी.

"बाबा, आता मावशींसमोर होऊन जाऊ दे," लेक म्हणाली. ती वहिनींपुढे वाकली. "आई, माझ्याकडे यायचंय ना तुला?"

वहिनींनी मान डोलावली.

"बघा!"

"काय बघा? थांब." कुजबुजे पुढे सरकले. "अगं, आपण इथेच राहायचं ना? आपलं घर सोडायचं नाही ना?"

वहिनींनी मान डोलावली. तितक्याच मनापासून.

"झालं ना समाधान?"

"बाबा, तुम्ही तिच्यावर दबाव आणता!"

"मी? तू वर्षातून चार दिवस येतेस आणि मला शिकवतेस? रोज सकाळी उठल्याबरोबर ती ही खिडकी पुसायची. काच न् काच. झटका येईपर्यंत एक दिवस चुकला नाही. घर आवडल्याशिवाय कुणी असं करतं?"

दोघांचे आवाज चढले. दोघांकडे पुरावा होता, आणि पुरावा तोच होता. माझ्या मनात एक शंका आली. ती इतकी वाईट होती की विचारू की नको असं झालं. पण गप्प बसून भागणार नव्हतं. मी वहिनींचा डावा हात हातात घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "पुढच्या नाटकात राणीचं काम तुम्ही करणार ना? घोड्यावर बसून?"

वहिनींनी मान डोलावली.

लेक हसायला गेली आणि मध्येच थांबली. खालच्या बेकरीत ट्रे आपटल्याचा आवाज तेवढा आला. कुजबुज्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. नट कोसळताना बघणारे कुजबुजे मी पाहिले होते, प्रयोग बुडताना बघणारेही पाहिले होते. स्वतः कोसळताना हे पहिल्यांदा.

"परत विचारा," ते हळूच म्हणाले.

"कुजबुजे, राहू दे."

"काहीतरी दुसरं विचारा. उलटं काहीतरी."

मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे कुजबुजे अजिबात आवडत नाहीत ना?"

मान डोलली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे प्रश्न त्यांना कळत होता. आपण काय करतोय हेही बहुधा कळत होतं. पण 'नाही' हा शब्द सापडेपर्यंत कुणी थांबत नव्हतं, आणि मानेला तेवढी एकच हालचाल पटकन जमत होती. सगळं घर त्या मानेवर चाललं होतं.

कुजबुजे उठून खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"मी शब्द द्यायचो, बाई, तेव्हा माझ्या मांडीवर संहिता असायची. पुढचा शब्द काय, ते छापलेलं असायचं. नट विसरलाय की नाही एवढंच मला ओळखायचं असायचं. पुढचा शब्द ओळखायचा नसायचा. इथे माझ्या मांडीवर काही नव्हतं. आणि मी मात्र रोज पान उलटत होतो."

"इतकी वर्षं संसार केलात," मी म्हटलं. "माणसाला वाटणारच, आपल्याला कळतं म्हणून."

"वाटलं. तपासलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "ती मान डोलवायची आणि मी धरून चालायचो की मी बरोबर होतो. पण मी चुकीचा असतानाही मान डोलणार असेल, तर त्या डोलण्यावरून मला काय कळलं? काहीच नाही. चपला नव्या आहेत, एवढंच."

लेक म्हणाली, "बाबा, मीही तेच केलं."

"हो. तू माझीच लेक."

मग त्यांच्यातला कसबी माणूस जागा झाला. त्यांनी पाट उचलला आणि वहिनींच्या खुर्चीमागे नेऊन ठेवला. "माझे ओठ तिला दिसता कामा नयेत," ते म्हणाले. "तूही मागे ये. आणि तोंड मिटून. बाई, तुम्ही समोर बसा. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारायचं नाही. उत्तर प्रश्नात ठेवायचं नाही. विचारायचं, आणि थांबायचं."

"किती वेळ?"

"त्या शिक्षेच्या प्रवेशात थांबायचात, त्याहून जास्त."

मी समोर बसले. वहिनींचा हात धरला. "वहिनी, तुम्हाला कुठे राहायचंय?"

वहिनींनी ओठ शोधायला मान वळवली. मागे वळता येईना. त्या घाबरल्या. मी हात घट्ट धरून ठेवला आणि काही बोलले नाही. खाली कुणीतरी बेकरीवाल्याशी उधारीवर हुज्जत घालून निघून गेलं. वहिनींचे ओठ उघडले, मिटले. एक अक्षर आलं, ते चुकीचं होतं हे त्यांनाच कळलं, त्यांनी ते टाकून दिलं. त्यांच्या खुर्चीमागे कुजबुजे बसले होते. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता, बोटं पांढरी पडली होती. आयुष्यभर ज्या क्षणाला पुढे झुकायचं, नेमक्या त्याच क्षणाला तो माणूस मागे रेलून बसला होता. मी मोठमोठ्या नटांचा अभिनय पाहिला आहे, पण एवढी मेहनत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

"ले..." वहिनी म्हणाल्या.

लेकीचा हुंदका आला. कुजबुज्यांनी दुसऱ्या हाताने तिचं मनगट दाबलं. अजून नाही.

"लेकी... कडे."

मी थांबले. कारण असेल तर येऊ दे, असं मला वाटलं. ते यायला त्याहून जास्त वेळ लागला. वहिनींनी डावा हात माझ्या हातातून सोडवला, खिडकीच्या काचेवर बोट ओढलं आणि ते बोट मला दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"का... काजळी," त्या म्हणाल्या. "रोज. रोज."

भट्टीची काजळी. संसारभर ती बाई रोज सकाळी ती काजळी पुसत होती, आणि शेजारच्या पलंगावर चहा पिता पिता तिचा नवरा बघत होता की हिचा या घरावर किती जीव आहे.

कुजबुजे पाटावरून उठले. वळसा घालून वहिनींसमोर आले आणि जमिनीवरच बसले. त्यांनी विचारायला तोंड उघडलं, आणि मला दिसलं की 'मी येऊ ना तुझ्याबरोबर' असं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आणि मी?" ते म्हणाले.

त्यांनी नजर खाली केली, ओठ मिटून घेतले, की चेहऱ्यावरूनही तिला काही वाचता येऊ नये. वहिनी बघत राहिल्या. मला तो वेळ सहन होईना. त्या प्रश्नाचं उत्तर 'राहा इथेच' असंही येऊ शकत होतं, आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं, तरी तो थांबला होता.

"या," वहिनी म्हणाल्या.

कुजबुज्यांचे खांदे खाली आले. पण वहिनींचं संपलं नव्हतं. त्यांनी बोट वर केलं. आम्ही सगळे थांबलो.

"पण... गप्प."

लेक रडता रडता फसकन हसली. कुजबुजेही हसले, आणि मग त्यांनी डोकं वहिनींच्या मांडीवर टेकलं.

महिनाभरात त्यांनी ते घर सोडलं. शिवणयंत्र तेवढं नेलं. कंपनीने नवा प्रॉम्प्टर आणला. हुशार मुलगा होता, पण माझे दोन विराम त्याने पहिल्याच प्रयोगात खाल्ले. मीही त्यानंतर फार काळ उभी राहिले नाही.

लेकीकडे वहिनी बोलायला लागल्या. पूर्वीसारख्या नाही, पण वाक्यं यायची. दोन शब्दांची, मग चार शब्दांची. कुजबुजे मला अधूनमधून फोन करायचे. "आज तिने शेजारणीशी भांडण केलं, बाई! पूर्ण भांडण! शेजारीण कंटाळून निघून गेली, ही मात्र शेवटपर्यंत भांडली." मागून वहिनींचा आवाज यायला लागला की ते मध्येच म्हणायचे, "ठेवतो, तिचं काहीतरी चाललंय," आणि फोन बंद. त्या घरी एक अलिखित नियम झाला होता. वहिनी बोलत असताना कुजबुजे डोळे मिटून बसायचे, हात मांडीवर, ओठ बंद. वहिनींनी 'झालं' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

गेल्या वर्षी कुजबुजे गेले. मी भेटायला गेले तेव्हा लेक दारातच सगळं सांगायला लागली. सकाळची वेळ, ती शाळेत होती, आईबाबा दोघंच घरात होते, डॉक्टर म्हणाले क्षणात गेले. आतून वहिनींनी हाक मारली. लेक गप्प झाली आणि बाजूला सरली.

वहिनी खुर्चीत होत्या. समोर दुसरी खुर्ची रिकामी. मी त्या खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसले.

"मी... सांगते," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

"सकाळी... चहा झाला. मी गोष्ट... सांगत होते. माझ्या लहानपणची. विहिरीत... बादली पडली... ती."

लेक माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"ते... ऐकत होते. डोळे मिटून. मी मध्ये... अडले. ते काही... नाही बोलले." वहिनींनी ओठ आवळले. पुढचा शब्द येईना, की येत होता आणि त्यांना तो म्हणायचा नव्हता, मला ओळखता आलं नाही. ओळखणारा माणूस आता नव्हता. "मला वाटलं... थांबलेत. माझ्यासाठी."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मुलं खेळत होती. वहिनींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग तुम्ही काय केलंत, वहिनी?"

त्यांनी वेळ घेतला. मी तो घेऊ दिला.

"पुढे... सांगितली," त्या म्हणाल्या. "सगळी."